लोडिंग

पान चौथं, प्रश्न सातवा.
अपस्मार, आकडी, झटके, बेशुद्ध पडणे,
यांपैकी काही आहे किंवा होते काय?
मढवी एजंटनं पेनाचं टोपण दातांनी काढलं,
गाळ्याबाहेर एकदा बघून घेतलं.
‘ताई, शेवटची येऊन तीन वर्षं झाली ना?
मारा टिक नाहीवर. कोण बघायला येतंय.’

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी बिलं लिहिते, बारा वर्षं.
शेवटची इथंच आली, काट्याशेजारी,
बावन्न किलोचं पोतं नोंदवताना.
पाच लिहिला, दोन लिहायचा राहिला.
डोळे उघडले तर चहूकडे पाय,
आणि नाकाशी फोडलेला कांदा.
जिथं रोज ट्रकांनी कांदा उतरतो
तिथं कांदा हुंगून मी काय शुद्धीवर येणार?
माझं नाक कधीच मेलंय.
तरी बबनराव माथाडीनं धरला होता
दोन्ही हातांनी, देवाला धरावा तसा.

‘नाही’वर एकदा आईनं टिक मारली होती.
जुन्नरला, कांदेपोह्यांच्या दिवशी,
गोळ्यांची पट्टी तूरडाळीत खोल पुरून म्हणाली,
हिला साधी सर्दीसुद्धा होत नाही हो.
मग कोपरखैरण्याच्या सिडकोच्या खोलीत
मी दोन वर्षं गोळ्या मोरीत जाऊन गिळल्या,
नळ सोडून, आवाज लपवून.
एका पहाटे सासूबाईंनीच मला कुशीवर वळवलं,
घड्याळाकडे बघत बसल्या,
एक मिनिट चाळीस सेकंद.
चहा देताना एवढंच म्हणाल्या,
‘सांगायचंस ना गं.
गादी भिंतीपासून लांब घातली असती.’

मी ‘हो’वर टिक केली.

मग फॉर्मला पिल्लं झाली.
पहिली कधी, जीभ चावली का,
उंचावर काम करता का, विस्तवाजवळ,
एकट्या पोहता का?
आमच्या सेक्टरात पाणी एकच, गच्चीवरच्या टाकीत,
आणि किल्ली सेक्रेटरीकडे.
ईईजीला रात्रभर जागून या म्हणाले.
शाल्मली माझ्याशी फुली-गोळा खेळत बसली,
गणिताच्या वहीची अकरा पानं,
आणि साडेतीनला स्वतःच झोपली.
केसांतली खळ दोन दिवस निघेना.
चार पानं नुसत्या रेघा.
मेंदू माझा, अक्षर त्याचं,
मला एक ओळ लागली नाही.
नर्सनं काट्यावर उभं केलं.
बावन्न, म्हणाली, आणि लिहून टाकलं,
पाच आणि दोन, मध्ये न थांबता.

पहिल्या कंपनीनं कळवलं, तूर्तास स्थगित.
मला किती तूर्तास परवडतात
ते कुणी विचारलं नाही.
नंदकिशोरची पॉलिसी वीस मिनिटांत झाली होती,
घणसोलीच्या बस स्टॉपवर, मोबाइलवर, उभ्याउभ्या.
तंबाखू? नाही.
पुडी तेव्हाही गालात होती.

दुसरीनं घेतलं.
हप्त्यावर पंचाहत्तर टक्के लोडिंग, मढवीनं वाचून दाखवलं.
‘लोडिंग?’ मी जरा मोठ्यानंच म्हणाले असेन.
पाठीवर पोतं घेऊन चाललेले बबनराव थबकले,
‘कुठल्या गाडीचं?’
काय सांगणार.
म्हटलं, माझंच आहे, तुम्ही चला.

वारस: शाल्मली, वय अकरा.
वारस अज्ञान असल्यास रक्कम कुणाच्या हाती द्यावी?
मी इंदुमती लिहिलं. नातं: सासू.
मढवी म्हणाला, वय एकाहत्तर आहे त्यांचं, विचार करा.
केलाय, म्हटलं.

गादी अजून भिंतीपासून वीतभर लांब असते.
त्या फटीत शाल्मलीच्या पेन्सिली जातात.
महिन्यातून एकदा झाडू घालते.
या खेपेला सहा निघाल्या,
आणि एक खोडरबर, अर्धं कुरतडलेलं.